जड पाण्याच्या भट्ट्या आणि तपासण्याची विद्या

१. दोन बाजू, एकच गफलत

भारतातल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांविषयी आपल्याकडे दोन ठरलेली मते आहेत. पहिले अभिमानाचे. १९७४ साली पोखरणचा स्फोट झाला, कॅनडाने हात काढून घेतला, आपण डगमगलो नाही आणि आज ७०० मेगावॅटची भट्टी स्वतः बांधतो, असे ते सांगते. दुसरे हेटाळणीचे. मूळ नकाशा कॅनडाचा, आपण त्याच्या प्रती काढल्या आणि त्यावर स्वदेशीचा शिक्का मारला, असे त्याचे म्हणणे. ही मते एकमेकांशी कायम भांडत असली तरी त्यांचे गृहीत एकच आहे. दोघांनाही अणुभट्टी म्हणजे तिचा नकाशा वाटतो. आराखडा कोणाचा आणि लोखंड कोणाचे एवढे ठरले की श्रेय-अपश्रेयाचा निकाल लागला!

हे गृहीतच उथळ आहे. माझे म्हणणे असे आहे की जड पाण्याची भट्टी नकाशावर जेवढी घडते त्याहून कितीतरी अधिक चाचणीत, निरीक्षणात आणि दुरुस्तीत घडते. त्यामुळे अणुऊर्जेतले स्वावलंबन मोजायचे असेल तर भट्ट्यांची संख्या पुरेशी नाही. आपल्या भट्टीत काय बिघडते आहे हे त्या देशाला वेळेत ओळखता येते का, आणि ओळखल्यावर ते उघडपणे सांगता येते का, हे पाहावे लागेल. या मापाने मोजले तर भारताची कामगिरी हेटाळणी करणाऱ्यांना वाटते त्याहून पुष्कळ खोल ठरते, आणि अभिमान बाळगणाऱ्यांना वाटते त्याहून अपुरी.

हा वाद फक्त तारापूर किंवा तुर्भ्याचा आहे असे समजू नये. माळव्याचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे. देवासजवळून वाहणारी क्षिप्रा चंबळेला मिळते. ती चंबळ गांधीसागर ओलांडून राणाप्रताप सागरात येते, आणि त्याच जलाशयाच्या काठी रावतभाट्याला देशातली जड पाण्याची पहिली वीजभट्टी उभी राहिली. देवास जिल्ह्यातल्या टोंकखुर्दच्या काळ्या रानात रब्बीला जे पंप चालतात त्यांच्या विजेत काक्रापार आणि तारापूरचा वाटा आहे, कारण दोन्ही केंद्रांतून मध्य प्रदेशाला हिस्सा मिळतो. जीर्ण झालेल्या भट्ट्यांच्या नळ्या बदलताना नरोरा आणि काक्रापार येथे कापणीसाठी जे लेसर यंत्र वापरले गेले ते इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात तयार झाले. आणि या भट्ट्यांच्या अभियांत्रिकीवर ज्यांची सर्वांत ठसठशीत मोहोर आहे ते अनिल काकोडकर १९४३ साली धारला लागून असलेल्या निमाडात, बडवानीला जन्मले. त्यांचे सुरुवातीचे शिक्षण बडवानी आणि खरगोनला झाले.

२. जड पाणीच का?

आधी निवडीमागचा हिशेब समजून घेऊ, कारण पुढचे सगळे त्यातून निघते. निसर्गात सापडणाऱ्या युरेनियमात सहज फुटणारा भाग, म्हणजे युरेनियम-२३५, जेमतेम ०.७ टक्के असतो. अणू फुटताना बाहेर पडणारे न्यूट्रॉन फार वेगवान असतात. पुढचा अणू फोडण्यासाठी त्यांचा वेग कमी करावा लागतो, आणि ते काम करणाऱ्या पदार्थाला मंदायक म्हणतात. साधे पाणी हे काम चांगले करते, पण वेग कमी करता करता न्यूट्रॉन गिळूनही टाकते. ही तूट भरून काढायला समृद्ध युरेनियम लागते. जड पाणी न्यूट्रॉन फारच कमी गिळते, म्हणून त्याच्यासोबत नैसर्गिक युरेनियमवरच भट्टी चालते.

समृद्धीकरणाचे कारखाने नसलेल्या देशासाठी हा मोठा फायदा होता. तो न घेतल्यास काय होते हे तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांनी दाखवले. त्या अमेरिकी बनावटीच्या, साध्या पाण्यावर आणि समृद्ध युरेनियमवर चालणाऱ्या. १९६९ पासून त्या वीज देऊ लागल्या, आणि १९७४ नंतर त्यांच्या इंधनाचा प्रश्न दीर्घकाळ राजनैतिक घासाघिशीचा विषय होऊन बसला.

दुसरे कारण यांत्रिक आहे, आणि त्याची चर्चा कमी होते. साध्या पाण्याच्या मोठ्या भट्टीला एकच प्रचंड, जाड भिंतीचे पोलादी दाबपात्र लागते. ते ओतून-ठोकून घडवण्याची क्षमता साठच्या दशकात भारतात नव्हती. जड पाण्याच्या भट्टीत हा दाब शेकडो लहान नळ्यांमध्ये वाटून दिलेला असतो. २२० मेगावॅटच्या भट्टीत अशा ३०६ नळ्या आडव्या बसवतात. ५४० आणि ७०० मेगावॅटच्या भट्टीत ३९२. प्रत्येक नळीत इंधनाची बंडले असतात आणि त्यांवरून दाबाखालचे गरम जड पाणी वाहते. या नळ्या ज्या टाकीतून आरपार जातात तिला कॅलेंड्रिया म्हणतात. त्या टाकीतले मंदायक जड पाणी मात्र बिनदाबाचे आणि बऱ्यापैकी थंड असते. भट्टी चालू असतानाच दोन यंत्रे नळीच्या दोन्ही तोंडांना जोडली जातात. एक ताजे बंडल आत सारते, दुसरे जळलेले काढून घेते.

माझ्या युक्तिवादाचा पाया या रचनेतच आहे. दाब शेकडो नळ्यांत वाटला की जोखीम शेकडो ठिकाणी पसरते, हे खरे. पण त्यामुळेच यंत्राचा एकेक अवयव सुटा तपासता येतो, सुटा बदलता येतो. एकसंध दाबपात्र बदलण्याचा विचार व्यवहारात करताच येत नाही. म्हणजे जड पाण्याची भट्टी स्वीकारणे हे सतत तपासत राहण्याचे बंधन स्वीकारणेच होते. १९६३ साली कॅनडाशी रावतभाट्याचा करार झाला तेव्हा या बंधनाची पूर्ण कल्पना कोणालाच नव्हती, कॅनडालाही नव्हती.

३. नकाशात काय नसते

रावतभाट्याची पहिली भट्टी कॅनडातल्या डग्लस पॉइंटच्या धर्तीवर बांधली गेली. ११ ऑगस्ट १९७२ रोजी ती क्रिटिकल झाली, म्हणजे तिच्यातली शृंखला अभिक्रिया स्वतःच्या बळावर टिकू लागली, आणि डिसेंबर १९७३ मध्ये व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. पुढच्या मे महिन्यात पोखरण घडले. शिक्षक निघून गेला तेव्हा यंत्राचे वय काही महिन्यांचे होते. यंत्र म्हातारे होताना काय करते, हे शिक्षकाने शिकवायचे राहिले होते असे नाही. ते त्यालाच ठाऊक नव्हते.

हे म्हातारपण लवकर आले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच पहिल्या भट्टीच्या टोकाच्या संरक्षक ढालीला भेगा पडून गळती लागली. ढालीसाठी वापरलेले पोलाद किरणोत्साराच्या माऱ्याने ठिसूळ होत होते. भट्टीला पुढे कमी क्षमतेवर चालवावे लागले आणि २००४ पासून ती बंद आहे. तिचे कॅनडातले मूळ भावंड तर १९८४ मध्येच कायमचे थांबले. नकाशा अचूक उतरवला म्हणून ढाल वाचली नाही, कारण चूक नकाशातच होती, आणि ती फक्त चालत्या यंत्रात दिसणार होती.

इतर देशांचा अनुभव हेच सांगतो. स्वित्झर्लंडने लुसेन्स येथे डोंगराच्या पोटात जड पाण्याची एक प्रायोगिक भट्टी बांधली होती. ती बंद असताना आत ओल शिरली, इंधनाची आवरणे गंजली आणि गंजाच्या चुऱ्याने शीतक वायूची वाट अडली. २१ जानेवारी १९६९ रोजी ती पुन्हा चालवताना इंधन वितळले आणि एक नळी फुटली. त्या देशाचा स्वतःची भट्टी घडवण्याचा कार्यक्रम तिथेच आटोपला. कॅनडाने औषधी समस्थानिकांसाठी मेपल नावाच्या दोन लहान भट्ट्या बांधल्या. शक्ती वाढली की अभिक्रिया आपोआप मंदावेल, असे गणित होते. चाचणीत मोजले तेव्हा उलटे दिसले. कारण सापडेना, म्हणून २००८ मध्ये दोन्ही भट्ट्या वापरात येण्याआधीच रद्द झाल्या. जड पाण्याच्या विद्येत जगात पुढे असलेल्या देशाचे गणितही मोजमापापुढे टिकले नाही, हे त्यांनी मान्य केले. त्या मान्यतेला मी पराभव मानत नाही.

४. चाचणीचे तीन मुक्काम

‘चाचणी’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे उद्घाटनाआधीची धावपळ येते. प्रत्यक्षात तिचे तीन वेगळे मुक्काम आहेत आणि तिन्हींचे तर्कशास्त्र निराळे आहे.

पहिला मुक्काम भट्टीच्या बाहेरचा. जानेवारी १९६१ मध्ये तुर्भ्याला झर्लिना ही जवळजवळ शून्य शक्तीची जड पाण्याची भट्टी सुरू झाली. वीज देणे हे तिचे काम नव्हतेच. युरेनियमच्या कांड्या किती अंतरावर, कोणत्या रचनेत ठेवल्या तर काय होते, हे हवे तसे बदलून पाहण्याचा तो बाक होता. २००८ मध्ये तिथेच सुरू झालेली क्रिटिकल फॅसिलिटी याच जातीची. तारापूरला ५४० मेगावॅट भट्टीच्या काँक्रीटच्या संरक्षक घुमटाची एक-चतुर्थांश आकाराची प्रतिकृती बांधून तिच्यात मुद्दाम आराखड्यापेक्षा जास्त दाब भरला गेला. ती कुठे तडकेल याचे अंदाज देशोदेशींच्या तज्ज्ञांनी आधी मांडले आणि मग मोजमापाशी ताडून पाहिले. या प्रयोगामागे एक कटू पूर्वपीठिका होती. मे १९९४ मध्ये कैगाला बांधकाम चालू असतानाच घुमटाच्या आतल्या काँक्रीटचा थर सुटून कोसळला होता.

दुसरा मुक्काम भट्टी सुरू करण्याचा. आधी इंधनाशिवाय गरम पाणी फिरवणे, मग क्रिटिकल करणे, मग शक्ती पायरीपायरीने चढवणे, आणि प्रत्येक पायरीवर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी घेणे. तुर्भ्याची ध्रुव ही संशोधन भट्टी ८ ऑगस्ट १९८५ रोजी क्रिटिकल झाली, पण पाण्याच्या प्रवाहाने इंधनाचे जुडगे थरथरू लागले. थरथर का होते ते शोधून, रचना सुधारून पूर्ण शक्ती गाठायला १९८८ उजाडले.

तिसरा मुक्काम आयुष्यभराचा, आणि आपल्या सार्वजनिक चर्चेत तो जवळपास नसतोच. पुढच्या दोन भागांत त्याकडेच पाहू.

५. एका नळीचे चरित्र

२२० मेगावॅटच्या भट्टीतली दाबनळी साधारण सव्वाआठ सेंटिमीटर व्यासाची, भिंत साडेतीन-चार मिलिमीटरची. आत तीनशे अंशांच्या आसपासचे पाणी. तिच्याभोवती दुसरी, थंड नळी, आणि त्या दोघींमध्ये वायूची पोकळी. दोन्ही नळ्या एकमेकींना टेकू नयेत म्हणून मध्ये स्प्रिंगची कडी बसवलेली असतात.

वर्षानुवर्षांच्या उष्णतेने, दाबाने आणि न्यूट्रॉनांच्या माऱ्याने दाबनळी लांबते, फुगते, मध्यभागी झोळ खाते. पाण्यातून हायड्रोजनच्या कुळातला ड्युटेरियम हळूहळू धातूत मुरतो आणि धातू ठिसूळ होतो. कडे जागेवरून सरकले तर झोळ खाल्लेली गरम नळी बाहेरच्या थंड नळीला टेकते. टेकलेल्या जागी धातू थंड पडतो, हायड्रोजन तिकडे ओढला जातो आणि तिथे फोड येतो. १ ऑगस्ट १९८३ रोजी कॅनडाच्या पिकरिंग केंद्रातील दुसऱ्या भट्टीत अशीच एक नळी चिरली.

ही बातमी भारतासाठी केवळ परदेशी अपघाताची नव्हती. ती नळी झिर्कलॉय-२ या मिश्रधातूची होती, आणि आपल्या पहिल्या सात भट्ट्यांतल्या नळ्याही त्याच धातूच्या. पुढचा प्रवास अनेक पायऱ्यांनी झाला. नळीच्या आत शिरून अल्ट्रासाउंड आणि विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने तिची जाडी, झोळ आणि कड्यांची जागा मोजणारी बार्सिस ही यंत्रणा भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवली. सरकलेली कडी बाहेर न काढता जागेवर आणण्याचे तंत्र बसवले. नळीच्या आतल्या पृष्ठभागाचा बारीक कपचा खरवडून त्यातला हायड्रोजन मोजण्याची पद्धत आली, त्यामुळे नमुन्यासाठी अख्खी नळी बळी देण्याची गरज उरली नाही. शेवटी सगळ्याच नळ्या काढून झिर्कोनियम-नायोबियमच्या नव्या बसवण्याचे काम हाती आले. नव्वदच्या दशकात रावतभाट्याच्या दुसऱ्या भट्टीत ते पहिल्यांदा झाले, मग कल्पाक्कम, नरोरा आणि काक्रापार येथे. हे सगळे माणूस जास्त वेळ उभा राहू शकत नाही अशा किरणोत्सारात करायचे असते. तिथे हत्यार जितके अचूक, तितका कामगाराच्या अंगावर पडणारा किरणोत्साराचा भार कमी.

ही विद्या कॅनडाच्या १९६३ च्या कागदपत्रांत असणे शक्यच नव्हते. ती नक्कल आहे असे म्हणणाऱ्याने मूळ प्रत दाखवावी.

६. दुरुस्ती हेच संशोधन

कल्पाक्कमचे उदाहरण याहून टोकाचे आहे. १९८९ च्या सुमारास तिथल्या भट्ट्यांच्या टाकीत मंदायक पाणी आत सोडणारी रचना मोडली आणि तिचे तुकडे टाकीत पडले. ही जागा अशी की तिथे माणूस कधीच जाऊ शकत नाही. सरळ उपाय म्हणजे भट्टी मोडीत काढणे. काकोडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी पाण्याच्या प्रवाहाची दिशा फिरवून कमी शक्तीवर का होईना, भट्ट्या चालत्या ठेवल्या. पुढे नळ्या बदलण्याची वेळ आली तेव्हा काही नळ्यांच्या जागी छिद्रे असलेल्या वाहिन्या घालून पाणी आत सोडण्याचा नवाच मार्ग केला. त्यानंतर दोन्ही भट्ट्यांना त्यांची पूर्ण २२० मेगावॅटची क्षमता परत मिळाली.

आपल्या समाजात दुरुस्तीला दुय्यम मान आहे. शोध लावणारा शास्त्रज्ञ, दुरुस्त करणारा मिस्त्री, अशी उतरंड आपण मनात पक्की केली आहे. विहिरीवरचा पंप बंद पडला की पंप विकणाऱ्या दुकानदारापेक्षा तो उघडून पुन्हा बसवणाऱ्या माणसाला त्या पंपाचे अंतरंग जास्त कळलेले असते, हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. अणुभट्टीच्या बाबतीत मात्र आपण हे विसरतो. कल्पाक्कमच्या दुरुस्तीत प्रवाहाचे गणित होते, धातुशास्त्र होते, दूरनियंत्रित यंत्रे होती, आणि मूळ आराखडा करणाऱ्यांना कधी पडला नव्हता असा प्रश्न होता. संशोधनाची याहून वेगळी व्याख्या मला ठाऊक नाही.

७. आकार वाढला की यंत्र नवे होते

आता ‘नक्कल’ आणि ‘प्रगती’ या दोन्ही शब्दांची परीक्षा घेणारा मुद्दा. २२० वरून ५४० वर जाणे म्हणजे तेच यंत्र अडीच पट करणे, असे वाटते. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीत तसे झाले नाही. गाभा मोठा झाला की त्याचा एक कोपरा तापतो आणि दुसरा निवतो, अशी हेलकाव्यांची प्रवृत्ती येते; त्यामागे विखंडनातून तयार होणारा झेनॉन हा न्यूट्रॉन खाणारा वायू असतो. म्हणून गाभ्यात चौदा कप्पे करून त्यांतल्या साध्या पाण्याची पातळी स्वतंत्रपणे कमी-जास्त करणारी यंत्रणा बसवावी लागली. तारापूरची चौथी भट्टी ६ मार्च २००५ रोजी क्रिटिकल झाली. पहिले काँक्रीट पडून तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती.

७०० मेगावॅटच्या भट्टीत नळ्या तितक्याच, ३९२. वाढीव शक्ती मिळवण्यासाठी नळीच्या शेवटी पाण्याला थोडेसे उकळू दिले जाते. वरवर लहानसा बदल, पण त्याने उष्णतेच्या सगळ्या हिशेबाचा स्वभाव बदलतो. अशी पहिली भट्टी, काक्रापारची तिसरी, २२ जुलै २०२० रोजी क्रिटिकल झाली. तिची व्यावसायिक निर्मिती सुरू व्हायला ३० जून २०२३ उजाडले, आणि पूर्ण ७०० मेगावॅट तिने त्या ऑगस्टअखेर गाठले. तिची जुळी, चौथी भट्टी १७ डिसेंबर २०२३ रोजी क्रिटिकल झाली आणि ३१ मार्च २०२४ रोजी व्यावसायिक झाली. रावतभाट्याची सातवी १९ सप्टेंबर २०२४ रोजी क्रिटिकल झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये व्यावसायिक झाली.

एकीला जवळपास तीन वर्षे, दुसरीला साडेतीन महिने, तिसरीला सात. आराखडा एकच. हा फरक नकाशाने पडलेला नाही. पहिलीवर जे शिकावे लागले त्याने पडला. त्या तीन वर्षांना वृत्तपत्रांनी ‘विलंब’ म्हटले. ती या वर्गातल्या पुढच्या सगळ्या भट्ट्यांची शाळा होती.

८. चार आक्षेप

पहिला आक्षेप: बिघाडांची ही यादी म्हणजे या भट्ट्या धोकादायक असल्याचा कबुलीजबाब नव्हे काय? यादी असणे धोक्याचे नाही, ती नसणे धोक्याचे. पण हा आक्षेप मी पुरता झटकून टाकत नाही. नळीतले पाणी नाहीसे झाले तर या भट्टीत अभिक्रिया वाढण्याकडे कल असतो. म्हणून नव्या भट्ट्यांत ती थांबवण्याच्या दोन स्वतंत्र, जलद यंत्रणा असतात. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे नरोऱ्यात टर्बाइनची पाती तुटून आग लागली आणि केंद्राची वीज सुमारे सतरा तास गेली. कर्मचाऱ्यांनी बोरॉन आत सोडून अभिक्रिया रोखून धरली आणि डिझेलवरच्या अग्निशमन पंपांनी वाफजनित्रांना पाणी देऊन उष्णता काढून घेतली. गाभा वाचला. बिघाड मात्र अणूच्या बाजूला झालाच नव्हता, तो टर्बाइनमध्ये झाला होता. म्हणजे तपासणीची कक्षा गाभ्यापुरती ठेवणे घातक आहे, हाच धडा.

दुसरा आक्षेप: एवढी खटपट कशाला, जगात तयार भट्ट्या विकत मिळतात. मिळतात, आणि कुडनकुलमला रशियाच्या हजार मेगावॅटच्या भट्ट्या चालूही आहेत. माझा विरोध आयातीला नाही. पण विकत घेतलेल्या यंत्रातही म्हातारपण येतेच, आणि तेव्हा ते समजून घेणारी माणसे घरात लागतात. जैतापूरच्या १६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच भट्ट्यांची चर्चा किंमत, दायित्व आणि भूसंपादन यांभोवती फिरत राहिली. त्यांच्या आयुष्यभराच्या तपासणीची विद्या कोणाच्या हातात असेल, हा प्रश्न तिथे क्वचित कोणी विचारला.

तिसरा आक्षेप: जड पाणी महाग, ते बनवायला प्रचंड ऊर्जा लागते, आणि वापरात त्यात किरणोत्सारी ट्रिटियम साठत जाते. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. साध्या पाण्यात हायड्रोजनच्या सुमारे साडेसहा-सात हजार अणूंमागे एक ड्युटेरियमचा असतो, आणि भट्टीसाठी तो ९९.७५ टक्क्यांच्या वर न्यावा लागतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांत जड पाण्याच्या तुटवड्याने आपल्याला सतावले. पण इथेही चुकत-सुधारत शिकण्याचाच मार्ग उपयोगी पडला. रायगड जिल्ह्यातील थळसारखे कारखाने स्थिरावले आणि पुढे भारत जड पाणी निर्यात करू लागला. ट्रिटियमचे उत्तर मात्र निर्यातीत नाही. ते कामगारांच्या आणि परिसराच्या नियमित मोजणीतच आहे.

चौथा आक्षेप: देशाला वीज आज हवी आहे, तपासण्या करत बसलो तर कधी पोचणार? काक्रापारच्या दोन जुळ्या भट्ट्यांचे आकडे याला पुरेसे उत्तर देतात. कैगाची पहिली भट्टी ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत सलग ९६२ दिवस चालली, तो त्या वेळी जागतिक विक्रम होता. असे दिवस घाईने मिळत नाहीत.

९. कमतरता कुठे आहे

आतापर्यंतचे विवेचन अभिमानाच्या बाजूला झुकलेले वाटेल. म्हणून ११ मार्च २०१६ कडे वळू. त्या दिवशी काक्रापारच्या पहिल्या भट्टीत एक दाबनळी गळू लागली. ती जुन्या धातूची नव्हती. काही वर्षांपूर्वीच बदललेली, नायोबियमच्या मिश्रधातूची होती. तपासात नळ्यांच्या बाहेरच्या अंगावर, म्हणजे वायूच्या पोकळीच्या बाजूला, ठिपक्याठिपक्यांचा गंज आढळला. आपली बरीचशी हुशारी नळीच्या आतल्या बाजूने येणारे आजार ओळखण्यात गुंतली होती, आजार दुसऱ्या बाजूने आला. सगळ्या नळ्या पुन्हा बदलून भट्टी परतायला २०१९ उजाडले. तपासण्याची विद्या एकदा मिळवून कायमची होत नाही, हा त्याचा तांत्रिक अर्थ.

सामाजिक अर्थ अधिक गंभीर आहे. नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले, पण ज्या अणुऊर्जा आयोगाच्या छत्राखाली भट्ट्या उभारल्या जातात त्यालाच ते उत्तरदायी राहिले. २०१२ मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी मंडळाच्या स्वायत्ततेच्या या उणिवेवर स्पष्ट बोट ठेवले. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने माहिती रोखून धरण्याचे व्यापक अधिकार सरकारला दिले होते. परिणामी पिकरिंगच्या नळीविषयी आपण जितके वाचू शकतो, तितके आपल्याच नळ्यांविषयी सामान्य वाचकाला सहज वाचता येत नाही. कॅनडाच्या बिघाडाची माहिती खुली होती म्हणून आपण वेळेत सावध झालो, हे इथे लक्षात घ्यावे. ज्या खुलेपणाचा फायदा घेतला, तो परत देण्याची आपली तयारी मात्र अपुरी राहिली.

मध्य प्रदेशाच्या दृष्टीने हा प्रश्न चुटका गावापाशी येऊन थांबतो. मंडला जिल्ह्यातल्या या जागी ७०० मेगावॅटच्या दोन भट्ट्यांना २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. त्या भागातली माणसे बर्गी धरणाने एकदा उठवली आहेत. दुसऱ्यांदा उठायला सांगताना सरकारने त्यांच्यापुढे ‘विश्वास ठेवा’ एवढेच म्हणणे पुरेसे नाही. काक्रापारच्या नळ्यांत काय सापडले, त्यातून काय बदलले आणि त्याची खात्री कोणी केली, हे त्यांना त्यांच्या भाषेत मिळाले पाहिजे. त्यांचा विरोध अज्ञानातून आलेला आहे असे म्हणण्याचा अधिकार ज्ञान वाटणाऱ्यालाच असतो.

१०. पुढच्या भट्टीला विचारायचे तीन प्रश्न

आता वारे वेगाचे आहे. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुऊर्जेचे उद्दिष्ट मांडले. ‘भारत स्मॉल रिॲक्टर’ या नावाने २२० मेगावॅटचीच जड पाण्याची भट्टी खासगी उद्योगांच्या पैशाने, त्यांच्या स्वतःच्या वापरासाठी बांधायची आणि चालवायची मात्र अणुऊर्जा महामंडळाने, अशी योजना पुढे आली आहे. देवास आणि पीथमपूरसारख्या औद्योगिक पट्ट्यांना सतत मिळणाऱ्या विजेचे आकर्षण वाटणे साहजिक आहे. २२० मेगावॅटची भट्टी निवडणे मलाही शहाणपणाचे वाटते, कारण तिच्या आजारांचा सर्वांत लांब अनुभव आपल्याकडे आहे.

पण हा अनुभव यंत्रासोबत आपोआप जात नाही. तो माणसांसोबत, हत्यारांसोबत आणि नोंदींसोबत जातो. म्हणून अशा प्रत्येक प्रस्तावाला तीन प्रश्न विचारावेत. एक, भट्ट्यांची संख्या वाढेल त्या प्रमाणात नळ्या तपासणारी पथके आणि यंत्रे वाढणार आहेत का, आणि त्यांचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरला आहे का? दोन, तपासणीसाठी भट्टी थांबवायची की नाही याचा निर्णय जिचा वीजविक्रीशी संबंध नाही अशा व्यक्तीच्या हातात असेल का? तीन, प्रत्येक भट्टीच्या तपासणीचा अहवाल दरवर्षी जनतेला वाचता येईल अशा भाषेत प्रसिद्ध होईल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याइतके बळ आपल्या अभियंत्यांनी रावतभाटा, कल्पाक्कम, तारापूर आणि काक्रापार येथे कमावले आहे. हेटाळणी करणाऱ्यांनी ते आधी नीट पाहावे. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे अभियंत्यांच्या हातात नाहीत, ती कायद्याच्या आणि राजकारणाच्या हातात आहेत, आणि अभिमान बाळगणारे नेमके तिथेच गप्प बसतात. या दोन उत्तरांवाचून मंजूर होणारी प्रत्येक नवी भट्टी मेगावॅटची बेरीज वाढवेल. आपल्याच यंत्रातला दोष आपणच शोधून सर्वांसमोर मांडण्याची ताकद तिने वाढणार नाही, आणि ती ताकद नसेल तर १९७४ नंतरच्या पन्नास वर्षांत आपण फक्त पुरवठादार बदलला असे म्हणावे लागेल.